सुका कचरा धुऊन का द्यायचा? (चौथीच्या वर्गातून शनिवार पेठेच्या गल्लीत)



मागच्या सत्रात चौथीच्या चाचणीत मी एक प्रश्न घातला होता. 'ओल्या आणि सुक्या कचऱ्याची प्रत्येकी तीन उदाहरणे लिहा.' वर्गात जवळजवळ सगळ्यांना पैकीच्या पैकी गुण मिळाले. एकाने तर ओल्या कचऱ्यात 'अळूच्या देठांची सालं' असं लिहिलं होतं. पुस्तकातलं नाही, थेट घरच्या ओट्यावरचं उदाहरण! मी खूश झाले. घटक समजला, पुढे जायला हरकत नाही, असं वहीत लिहूनही टाकलं.

त्याच आठवड्यातली गोष्ट. मी शनिवार पेठेतच राहते. जुना वाडा पाडून उभ्या राहिलेल्या चार मजली इमारतीत आमचं घर आहे. आमच्याकडे रोज सकाळी ढकलगाडी घेऊन एक मावशी कचरा न्यायला येतात. त्या दिवशी त्यांच्या उजव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती.

"काय झालं हो मावशी?"

"काच लागली बाई. सुक्याच्या पिशवीत होती."

कोणाच्या पिशवीत, ते त्यांनी सांगितलं नाही. पण मला कळलं. दोन दिवसांपूर्वी आमच्याकडे पाण्याचा काचेचा ग्लास फुटला होता. मी सुपलीत तुकडे गोळा केले आणि सुक्या कचऱ्याच्या पिशवीत ओतले. काच म्हणजे सुका कचरा. उत्तर अगदी बरोबर. माझ्याच चाचणीत मला पैकीच्या पैकी मिळाले असते.

मी सांगितलं, "मावशी, ती काच बहुतेक माझीच." त्या म्हणाल्या, "लागतंच हो कधी कधी. पण कागदात गुंडाळून वेगळी हातात देत जा." एवढंच बोलून त्या वरच्या मजल्यावर गेल्या. मी मात्र दिवसभर त्यावर विचार करत राहिले. आपण मुलांना दोन डब्यांची नावं शिकवतो. तो डबा पुढे कोण उघडतं, कशाने उघडतं आणि त्यातलं काय विकलं जातं, हे शिकवतच नाही. मग मुलांना आणि खरं तर मोठ्यांनाही वाटतं, की कचरा दाराबाहेर ठेवला की धडा संपला.

या लेखात मी नंतर वर्गात आणि गल्लीत काय काय केलं ते सांगणार आहे. काही जमलं, काही फसलं. तुमच्या शाळेत, सोसायटीत उपयोग होईल असं वाटतं म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

डबा उघडणारे हात

सुरुवात मी मावशींपासूनच केली. पुण्यात दारोदार कचरा गोळा करणाऱ्या कचरावेचकांपैकी बरेच जण 'स्वच्छ' या सहकारी संस्थेचे सभासद आहेत. ही संस्था कचरावेचकांची स्वतःची आहे आणि २००८ मध्ये तिचा पुणे महापालिकेशी करार झाला. पण त्याच्याही आधीची गोष्ट आपल्यासारख्या शिक्षकांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. एस. एन. डी. टी. महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातले कार्यकर्ते शहरातल्या कचरावेचक स्त्रिया आणि मुलांबरोबर काम करत होते. गेले होते शिक्षणासाठी. पण त्यांच्याबरोबर फिरताना लक्षात आलं, की या बायकांचा सगळा दिवस उकिरडे आणि कचराकुंड्या उपसण्यात जातो. घरातूनच वेगळा केलेला कचरा हातात मिळाला, तर कमी वेळात जास्त कमाई होते आणि कामही माणसासारखं होतं. त्यातूनच पुढे १९९३ मध्ये पुण्यात कचरावेचकांचा मेळावा झाला आणि 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना उभी राहिली. डॉ. बाबा आढाव यांचं नाव या संघटनेशी जोडलेलं आहे, ते तुम्हाला माहीत असेलच.

संघटनेचं नाव फळ्यावर लिहिलं तेव्हा एका मुलीने हात वर केला. "बाई, यात प्लास्टिक नाहीये!" मी आधी कधी असा विचारच केला नव्हता. कागद, काच, पत्रा... भंगाराच्या धंद्यातले हे जुने, भरवशाचे शब्द. आज त्यांच्या गाडीत सगळ्यात जास्त जागा अडवतं ते प्लास्टिक.

या कामात बहुसंख्य स्त्रिया आहेत आणि त्यातल्या बहुतेक दलित समाजातल्या आहेत. चौथीच्या मुलांना हे कितपत सांगायचं, असा प्रश्न मलाही पडला. मी एवढंच विचारलं, "मावशी दारात आल्या की घरात काय म्हणतात?" सगळ्यांचं एकच उत्तर आलं, "कचरेवाली आली." मग विचारलं, "कचरा कोणी केला?" वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरून हळूच आवाज आला, "म्हणजे कचरेवाले आपण." मी पुढे काही बोलले नाही, ते बरं झालं.

आता मुख्य मुद्दा. मावशींची कमाई दोन ठिकाणांहून येते. एक म्हणजे प्रत्येक घराकडून मिळणारं महिन्याचं ठरलेलं शुल्क. दुसरी म्हणजे सुक्या कचऱ्यातून जे विकलं जाईल त्याचे पैसे. ओला कचरा महापालिकेच्या गाडीत जातो. सुका त्या बसून निवडतात. रद्दी वेगळी, पुठ्ठा वेगळा, दुधाच्या पिशव्या वेगळ्या, पाण्याच्या बाटल्या वेगळ्या, पत्रा वेगळा, जर्मन वेगळं. (मुलांना 'जर्मन' म्हणजे अ‍ॅल्युमिनियम हे माहीत नव्हतं. "जर्मनचं पातेलं" हा शब्द आता फक्त आजीकडे उरलाय!) मग हे सगळं भंगारच्या दुकानात वजनावर जातं. म्हणजे आपण वरणाची वाटी ज्या कागदावर पालथी केली, तो कागद त्यांच्या दृष्टीने रद्दीतून बाद झाला. आपल्या घरी तो फक्त कचरा होता. त्यांच्याकडे तो वजनात भरणार होता.

धुऊन, वाळवून म्हणजे नेमकं का?

'सुका कचरा स्वच्छ आणि कोरडा द्या' असं आपण फलकांवर वाचतो. मुलं "हो" म्हणतात आणि विसरतात, कारण त्यामागचं कारण हाताला लागलेलं नसतं. मी तीन साधे प्रयोग केले. आनंददायी शनिवारच्या तासाला हे छान बसतात. साहित्य सगळं घरातलंच, खर्च शून्य.

पहिला प्रयोग बरणीचा. दुधाच्या दोन रिकाम्या पिशव्या घ्या. एक तशीच, दुसरी विसळून, वाळवून. दोन्ही वेगवेगळ्या काचेच्या बरण्यांत घालून झाकण लावा आणि वर्गात खिडकीत ठेवा. चौथ्या दिवशी उघडा. मी उघडली तेव्हा पहिल्या दोन बाकांवरची मुलं उठून मागे पळाली! मग विचारायचं, "मावशींच्या गाडीत अशा किती पिशव्या असतील?" गणिताचा तास इथेच सुरू होतो. घरात रोज एक पिशवी धरली तर वर्षाला ३६५. तीस मुलांच्या वर्गाच्या १०,९५०. एका पिशवीचं वजन वर्गातल्या तराजूत नीट कळत नाही, म्हणून शंभर पिशव्या जमवून एकत्र वजन करायचं आणि शंभराने भागायचं. भागाकाराला इतकं खरं उदाहरण मला याआधी कधी सापडलं नव्हतं.

दुसरा प्रयोग बादलीचा. हा माझा सगळ्यात आवडता. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीचा एक तुकडा (शिक्षकांनीच कापायचा, कडा धारदार असतात) आणि त्याच बाटलीचं झाकण, दोन्ही बादलीभर पाण्यात टाका. बोटांनी दाबून बुडबुडे काढून टाका. बाटलीचा तुकडा तळाशी जातो. झाकण तरंगतं. मुलं ओरडली, "बाई, पण दोन्ही प्लास्टिकच आहे ना?" हाच तर मुद्दा! प्लास्टिक ही एक वस्तू नाही, ते एक मोठं आडनाव आहे. घरात भावंडं वेगवेगळी. बाटली पीईटी नावाच्या प्लास्टिकची असते, ते पाण्यापेक्षा जड. झाकण दुसऱ्या जातीचं, ते पाण्यापेक्षा हलकं. डब्याच्या बुडाशी त्रिकोणात १ ते ७ मधला जो आकडा छापलेला असतो, तो याच जाती सांगतो. १ म्हणजे पीईटी. २ म्हणजे शाम्पू, फिनेलच्या जाड बाटल्यांचं प्लास्टिक. ४ मध्ये दुधाच्या पिशवीसारखं मऊ प्लास्टिक येतं. ५ मध्ये जेवणाचे पार्सल डबे. मोठ्या कारखान्यांतही प्लास्टिकचा चुरा पाण्यात टाकून बुडणारं आणि तरंगणारं वेगळं करतात. तो चुरा धुतात, वितळवतात आणि त्याचा बारीक 'दाणा' करतात. त्या दाण्यापासून नवीन वस्तू होते. पीईटीच्या बाटल्यांपासून धागा काढतात, त्याचे कपडे आणि गालिचे होतात. मुलांनी लगेच एकमेकांच्या शर्टांकडे बघितलं.

आता या साखळीत वेगवेगळ्या जाती मिसळल्या किंवा आत आमटी चिकटलेली राहिली, तर वितळवताना माल खराब होतो. म्हणून घाण मालाला भाव कमी मिळतो किंवा तो घेतलाच जात नाही. कागदाचंही तसंच. रद्दी पाण्यात भिजवून तिचा लगदा करतात. पण तेल पाण्यात विरघळत नाही हे आपण तिसरीपासून शिकवतो! वड्याचा तेलकट कागद लगद्यात गेला की डाग तसाच राहतो. शिवाय कागदाचे तंतू प्रत्येक फेरीत आखूड होत जातात, त्यामुळे साधारण पाच ते सात वेळाच तो पुन्हा कागद होऊ शकतो. काचेचं आणि अ‍ॅल्युमिनियमचं तसं नाही. ती पुन्हा पुन्हा वितळवता येतात. खनिजापासून नवीन अ‍ॅल्युमिनियम काढायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या जेमतेम पाच टक्क्यांत जुनं वितळवून वापरता येतं. म्हणून जर्मनच्या फुटक्या पातेल्यालाही भंगारवाला नाही म्हणत नाही.

तिसरा प्रयोग मुठीचा. बिस्किटाचं किंवा वेफर्सचं आतून चमकणारं पाकीट मुठीत चुरगळा आणि मूठ उघडा. ते हळूहळू पुन्हा उलगडतं. पोळीला गुंडाळतो ती फॉइल चुरगळा. ती चुरगळलेलीच राहते. उलगडलं ते प्लास्टिक, त्यावर धातूचा अगदी पातळ थर दिलेला आहे. हे थर एकमेकांपासून वेगळे करणं अवघड, म्हणून नेहमीचा भंगारवाला असली पाकिटं घेत नाही. फ्रूटीसारख्या पेयांच्या खोक्यातही पुठ्ठा, प्लास्टिक आणि अ‍ॅल्युमिनियम असे तीन पदार्थ चिकटवलेले असतात. कागदी चहाच्या कपालाही आतून प्लास्टिकचं अस्तर असतं, म्हणून तर चहा गळत नाही. हे ऐकून शिक्षक खोलीत आम्ही सगळ्याच जणी हातातल्या कपाकडे बघत बसलो.

'टाकाऊपासून टिकाऊ'चं काय करायचं?

इथे मला थोडं कडू बोलायचं आहे, आणि ते आधी स्वतःलाच.

कार्यानुभवाच्या तासाला आपण सगळे 'टाकाऊपासून टिकाऊ' घेतो. मीही डी. एड. ला असल्यापासून घेत आले. पाण्याच्या बाटलीचा पेनस्टँड, आइस्क्रीमच्या काड्यांची चौकट, जुन्या सीडीचा मोर. प्रदर्शन भरतं, फोटो निघतात, पालक खूश. एका वर्षी प्रदर्शन संपल्यावर दोन महिन्यांनी कपाट आवरताना त्या सगळ्या वस्तू मीच काढून टाकल्या. बाटलीवर फेव्हिकॉल, चमकी, थर्माकोलचे गोळे, लोकर, रंग. मावशींच्या ओळखीची एक वेचक शाळेकडे येते, तिने ती पिशवी उघडली आणि परत केली. "याचं काही होत नाही बाई."

विचार करा. कोरी बाटली होती तेव्हा तिला भाव होता. ती पुढे दाणा होऊन धागा झाली असती. आम्ही तिला 'टिकाऊ' केलं आणि तिची ती वाटच बंद करून टाकली. वर दुकानातून नवीन चमकी आणि थर्माकोल विकत आणलं ते वेगळंच!

याचा अर्थ हस्तकला करू नका असा नाही. मी आता दोनच नियम ठेवले आहेत. एक, वस्तू घरात खरोखर वर्षभर वापरली जाणार असेल तरच करायची. दुसरा, चिकटवण्यापेक्षा कापणं, दुमडणं, शिवणं, बांधणं यावर भर. म्हणजे उद्या ती मोडली तरी कागद कागदच राहतो आणि बाटली बाटलीच.

पुनर्वापर आणि पुनर्चक्रीकरण यांतला फरक समजावायलाही हाच विषय बरा पडतो. पुनर्वापर म्हणजे वस्तू आहे तशीच पुन्हा वापरणं. पुनर्चक्रीकरण म्हणजे वस्तू मोडून, वितळवून, भिजवून तिचा कच्चा माल करणं. पहिलं घरात होतं, दुसरं कारखान्यात. पहिल्याची माहिती तर आपल्या आजीकडे भरपूर आहे. मी गृहपाठ दिला होता, 'आजीला विचारा, तू कोणती वस्तू कधीच टाकली नाहीस?' काय उत्तरं आली! जुन्या साड्यांच्या गोधड्या, धोतराची पुसणी, बाळाची दुपटी, वह्यांची उरलेली कोरी पानं शिवून केलेली रफ वही, हॉर्लिक्सच्या बरणीत डाळ. एका आजीने बोहारणीची आठवण सांगून पाठवली होती. जुने कपडे घेऊन स्टीलची भांडी देणारी, आणि भाव करताना आजीलाही हार न जाणारी. मुलांना बोहारीण म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. जुना बाजार मात्र त्यांना माहीत होता, कारण शनिवारवाड्यापासून तो काही लांब नाही आणि तिथून वडिलांनी सायकलचं चाक आणलेलं असतं!

गल्लीत काय झालं

वर्गात जमलं म्हणून मी आमच्या इमारतीत आणि शेजारच्या दोन वाड्यांत बोलायला गेले. तिथे माझी खरी परीक्षा झाली. पेठेत कोणाला काही पटवायचं म्हणजे काय, ते पेठेत राहणाऱ्यांनाच ठाऊक!

पहिला आक्षेप ठरलेला होता. "आम्ही कितीही वेगळं करून दिलं तरी शेवटी एकत्रच करतात." हे मी इतक्यांदा ऐकलं, की एका सुट्टीच्या दिवशी मावशींना विचारून त्यांच्याबरोबर शेवटच्या घरापर्यंत आणि पुढे निवडायच्या जागेपर्यंत गेले. ढकलगाडी एकच, पण ओल्याच्या बादल्या वेगळ्या आणि सुक्याची पोती वेगळी. आपल्याला खिडकीतून ते 'एकत्र' दिसतं. ओलं गाडीत गेलं, सुकं पोत्यावर ओतून त्या निवडायला बसल्या. सगळ्या शहरात असंच होतं असं मी म्हणत नाही. तुमच्या भागात काय होतं ते एकदा स्वतः जाऊन बघा, एवढं मात्र म्हणते. तिथे बसल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. पोत्यातलं सगळ्यात जास्त वेळ खाणारं काम कुठलं? आम्ही गाठी मारून दिलेल्या पिशव्या सोडवणं.

दुसरा आक्षेप पाण्याचा. "पिशव्या धुवायला पाणी कुठून आणायचं?" रास्त आहे. पण आपल्या आया दुधाची पिशवी विसळून ते पाणी चहाच्या आधणात घालतातच की! तेवढंच पुरे. मग ती पिशवी ओट्यामागच्या टाइल्सना चिकटवायची, तासाभरात वाळते. बाकीचे डबे भांडी घासून झाल्यावर शेवटच्या पाण्यात बुडवून काढले तरी चालतात. साबण नको, नवीन पाणी नको. आणि हो, दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापून टाकू नका. अर्धवट चीर द्या, तुकडा पिशवीलाच राहू दे. तो इवलासा त्रिकोण कोणी वेचू शकत नाही, तो गटारात आणि मग मुठेत जातो.

तिसरा जागेचा. वाड्यातल्या दोन खोल्यांत तीन डबे कुठे ठेवणार? तीन डबे नकोतच. दाराच्या मागे खिळ्याला एक कापडी पिशवी अडकवा. सुका कचरा रोज द्यावा लागत नाही, आठवड्यातून दोनदा दिला तरी चालतो, कारण धुतलेला असेल तर त्याला वास येत नाही. ओल्याचं खत गच्चीवर करता येतं, गांडूळखत प्रकल्प असेल तर महापालिका मिळकतकरात सवलतही देते. आमच्याकडे गच्चीवरून अजून वाद चालू आहे, त्यामुळे त्यावर मी जास्त लिहीत नाही.

या सगळ्या चर्चांपेक्षा जास्त उपयोग झाला तो पाट्यांचा. पुण्यात पाटीशिवाय काही हलत नाही, म्हणून मी मुलांनाच पाट्या लिहायला सांगितल्या. भाषेचा तास समजून. दोन पाट्या आमच्या जिन्यात अजून आहेत.

'दुधाची पिशवी विसळून द्यावी. दूध आपण प्यायलात, वास त्यांनी का घ्यावा?'

'फुटकी काच कागदात गुंडाळून, वर "काच" लिहून हातात द्यावी. बोटे सर्वांना दहाच असतात.'

दुसरी पाटी ज्या मुलाने लिहिली, त्याला माझ्या ग्लासची गोष्ट मीच सांगितली होती. तळमजल्यावरचे एक आजोबा, जे माझं एक वाक्य ऐकून घ्यायला तयार नव्हते, त्यांनी चष्मा लावून पाटी वाचली, 'बोटे'वरचं शुद्धलेखन तपासलं आणि दुसऱ्या दिवसापासून दाढीची ब्लेड जुन्या काडेपेटीत साठवायला लागले!

सॅनिटरी पॅड आणि डायपरबद्दल बोलायला बायकाही संकोचतात. पण हाताने निवडणाऱ्या बाईच्या दृष्टीने हा सगळ्यात मोठा त्रास आहे. जुन्या वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा आणि वेगळं द्यायचं. पुण्यातच 'स्वच्छ'ने ही लाल ठिपक्याची मोहीम चालवली. ठिपका दिसला की उघडून बघावं लागत नाही. पालकसभेत मी हे बाबांच्याही समोर सांगितलं. पाच सेकंद शांतता झाली, मग एका आईने "बरं झालं बोललात" म्हटलं.

बिघडलेला चार्जर, मोबाइल, बॅटऱ्या यांतलं काहीच रोजच्या पिशवीत नको. पूर्णम इकोव्हिजनसारख्या संस्था ई-कचऱ्याची संकलन मोहीम घेतात, तोपर्यंत खोक्यात साठवायचं.

शाळांसाठी आणखी एक सांगते. पुण्यात सुरू झालेल्या 'सागरमित्र' अभियानात मुलं महिन्यातून एकदा घरातलं प्लास्टिक शाळेत आणतात आणि ते एकत्रित पुनर्चक्रीकरणाला जातं. त्यातली अट मला फार आवडते. प्लास्टिक स्वतःच्या घरातलंच हवं, रिकामं, स्वच्छ आणि कोरडं. रस्त्यावरचं उचलून आणायचं नाही. आपण कधी कधी उत्साहाच्या भरात मुलांना ग्राउंडवरचा कचरा वेचायला लावतो, त्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित. मी मात्र वर्गात जमलेलं आमच्या मावशींनाच देते. त्यांच्या पोत्यातलं काढून दुसरीकडे द्यायचं मला पटत नाही.

आणि जे कोणीच घेत नाही ते?

हा प्रश्न मुलांनी विचारला, आणि त्यासाठी नकाशा काढावा लागला. पुण्याचा कचरा १९८१ पासून शहराबाहेर उरुळी देवाची आणि फुरसुंगी इथे जाऊ लागला. शनिवार पेठेपासून साधारण पंधरा किलोमीटर. ओलं आणि सुकं एकत्र करून डोंगर रचला की आत हवा पोचत नाही, ओलं कुजून मिथेन वायू तयार होतो आणि तो पेट घेतो. पावसाचं पाणी त्या ढिगातून काळं होऊन झिरपतं आणि जवळपासच्या विहिरींत उतरतं. तिथल्या गावकऱ्यांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली. २०१७ च्या एप्रिलमध्ये डेपोला आग लागली, गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि जवळजवळ तीन आठवडे शहरातला कचरा तिथे गेला नाही. त्या उन्हाळ्यात पेठेतल्या कोपऱ्याकोपऱ्यावर काय अवस्था होती, ते इथल्या पालकांना आठवत असेल. माझ्या वर्गातल्या मुलांचा तेव्हा जन्मही नव्हता किंवा नुकता झाला होता. त्यांना मी फक्त एवढं विचारलं, "आपल्याला तीन आठवडे वास आला. त्या गावांना किती वर्षं आला असेल?" १९८१ ते २०१७, वजाबाकी त्यांनीच केली.

आज आमच्या इमारतीत काय स्थिती आहे? प्रामाणिकपणे सांगते. तिसऱ्या मजल्यावरचं एक घर अजूनही सगळं एकाच काळ्या पिशवीत, वर गाठ मारून ठेवतं. बाकीची घरं बहुतेक दिवस नीट देतात. सणासुदीला, पाहुणे आले की गडबड होते. गणपतीत निर्माल्याची पिशवी वेगळी निघाली, पण मखराचं थर्माकोल कुठून आलं कोणास ठाऊक, ते जिन्याखाली सापडलंच. मावशींना विचारलं, काही फरक पडला का? त्या म्हणाल्या, "तुमच्या बिल्डिंगीला आता वेळ कमी लागतो." मला वाटलं होतं, जास्त काही म्हणतील. पण सकाळी लवकर उठून किती तरी घरं करणाऱ्या बाईच्या दृष्टीने वेळ वाचला ही काही लहान गोष्ट नसावी.

वेफर्सच्या पाकिटांची बरणी मात्र वर्गात तशीच भरत चालली आहे. एका मुलाने विचारलं, "बाई, हे कोणीच घेत नाही, तर मग बनवतात कशाला?" मी त्याला सांगितलं, की २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांनुसार बनवणाऱ्या कंपन्यांवरही ते परत गोळा करायची जबाबदारी आहे. तो म्हणाला, "मग त्यांना सांगूया." पत्रलेखन चौथीला आहेच. सर्वांनी मिळून एक औपचारिक पत्र लिहिलं, मायना, विषय, तारीख सगळं नीट. बरणीतली सहा पाकिटं धुऊन, वाळवून पत्रासोबत पाकिटात घातली आणि कंपनीच्या पत्त्यावर पाठवली.

त्याला तीन आठवडे झाले. रोज हजेरी घ्यायच्या आधी कोणीतरी विचारतंच, "बाई, पोस्टमन आला होता का?"